तान्ह्यांनाही सवंगडी हवेत

(अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेले भाषण)



संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी बोरन्हाण होते. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात. त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ओततात आणि भोवती जमलेली आळीतील मुले ती वेचण्यासाठी झेप घेतात. बाळ प्रथम दचकते. क्वचित रडूही लागते. परंतु थोड्याच वेळात ते पुढे वाकते आणि शेजारचे मूल जे करीत आहे तेच आपणही करू लागते. आपले लक्ष दागिन्यांकडे असते. बाळाचे लक्ष मात्र भोवतीच्या मुलांकडे असते. पुढल्या बोरन्हाणाच्या वेळी आपण त्याच्या नजरेचा माग घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. आज जो विषय मी आपणापुढे मांडणार आहे, तो त्या नजरेत सामावलेला आहे.

आपल्या समाजात एक समजूत घट्ट रुजलेली आहे. तीन वर्षांखालील मुलाला दूध हवे, लस हवी, झोप हवी आणि आईची मांडी हवी. सोबती त्याला कळत नाही, तो पुढे बालवाडीत गेल्यावर कळेल, असे आपण मानतो. यातील पहिला भाग पूर्णपणे खरा आहे. दुसरा भाग खरा नाही. मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या वयाच्या मुलाला ओळखू लागते, त्याच्याकडे ओढले जाते आणि संधी मिळाल्यास त्याच्याशी जिव्हाळ्याचा संबंधही जोडते. ही संधी आपोआप मिळत नाही. तीच तीच मुले, ओळखीची जागा, ओळखीचे मोठे माणूस आणि वारंवार भेट, एवढ्या गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या जुळवून आणणे गावाच्या हातात आहे, हे मला आज सांगावयाचे आहे.

पहिल्या दोन वर्षांतील वाटचाल

ही ओढ किती लवकर दिसू लागते, ते पाहू. प्रसूतिगृहात एक अर्भक रडू लागले की दुसरे रडते, हा परिचारिकांचा नेहमीचा अनुभव आहे. मार्विन सिमनर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन-तीन दिवसांच्या अर्भकांना निरनिराळे आवाज ऐकविले. तेवढ्याच मोठ्या यांत्रिक आवाजापेक्षा दुसऱ्या अर्भकाच्या रडण्याने ती अधिक रडली. पुढे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, स्वतःच्याच रडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकविले असता अर्भके तशी रडली नाहीत, असे आढळले. याला सहानुभूती म्हणणे घाईचे होईल. परंतु आपल्यासारख्याच दुसऱ्या जिवाचा आवाज अर्भकाला वेगळा वाटतो, एवढे यावरून म्हणता येते.

दीड-दोन महिन्यांचे बाळ माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. सहा महिन्यांची दोन बाळे एका चटईवर समोरासमोर ठेवली, तर ती एकमेकांकडे टक लावून पाहतात, हुंकारतात आणि हात पुढे करून स्पर्श करतात. केस ओढतात, डोळ्यांत बोट घालतात. आई घाबरून त्यांना दूर करते. वास्तविक त्यात वैर नसते. हात कसा आवरावा, हे त्या वयाला कळत नाही, इतकेच. नऊ-दहा महिन्यांचे रांगते मूल हातातील वस्तू दुसऱ्यापुढे धरते आणि पुष्कळदा ती परतही मागते. या देण्या-घेण्यातच पुढल्या सर्व खेळांचे बीज आहे.

दुसऱ्या वर्षात अनुकरण सुरू होते. एकाने वाटी आपटली की दुसरा वाटी आपटतो. पहिला त्याच्याकडे पाहतो, हसतो आणि पुन्हा आपटतो. मोठ्यांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. खरे तर तो शब्दांवाचून चाललेला संवाद असतो, कारण त्यात पाळी असते, प्रश्न असतो आणि उत्तरही असते. कॅरोल एकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा ते चोवीस महिन्यांच्या मुलांच्या जोड्या त्यांच्या मातांसह एका खोलीत खेळावयास सोडल्या होत्या. वयाबरोबर समवयस्काशी होणारा खेळ वाढत गेला, आणि दोन वर्षांच्या सुमारास मुले आईपेक्षा आपल्या वयाच्या सोबत्याशीच अधिक खेळताना आढळली. आई जवळ बसलेली होती, म्हणून ती निर्धास्तपणे खेळू शकली, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे.

शिक्षकांच्या अभ्यासक्रमात मिल्ड्रेड पार्टेन यांचे १९३२ मधील वर्गीकरण असते. एकटे खेळणे, नुसते पाहत राहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि पुढे एकमेकांत मिसळून खेळणे, असे प्रकार त्यांनी सांगितले. यातील ‘शेजारी बसून आपापले खेळणे’ या प्रकाराचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला की, दोन वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याशी काही देणेघेणेच नसते. पुढील निरीक्षणांनी हा अर्थ टिकू दिला नाही. १९८० मध्ये बेकमन आणि ब्राउनली यांनी दाखवून दिले की, असे शेजारी बसून खेळणे हा बहुधा एकत्र खेळण्याकडे जाणारा पूल असतो. दोन मुली मातीत पाठीला पाठ लावून बसल्या असतील. परंतु एक उठून गेली की दुसरीचाही खेळ थांबतो. एकमेकींकडे न पाहताही त्या एकमेकींच्या सोबतीने खेळत होत्या.

‘माझे’ म्हणणारे मूल

आता आपणा सर्वांना छळणाऱ्या प्रश्नाकडे वळू. दीड-दोन वर्षांची मुले एकत्र आणली की भांडतात. ओरबाडतात, ढकलतात, चावतात. मग आईबाप म्हणतात, “आमच्या मुलाला एकटेच राहू द्या.” सेविकेलाही वाटते, हे लोढणे कशाला गळ्यात घ्यावे?

डेल हे आणि हिल्डी रॉस यांनी एकवीस महिन्यांच्या मुलांच्या भांडणांचा बारकाईने अभ्यास करून तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, तसेच दुसरे खेळणे जवळ पडलेले असतानाही मुले सोबत्याच्या हातातीलच खेळणे मागतात. आणि ते मिळाल्यावर ते टाकून पुन्हा सोबत्याने उचललेल्या नव्या वस्तूकडे वळतात. यावरून एक गोष्ट उघड होते. भांडण केवळ खेळण्यासाठी नसते. ज्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागला तीच मोलाची ठरते, कारण मोल त्या दुसऱ्याचे असते. ‘माझे’ हा शब्द शिकताना मूल ‘तुझे’ हेही शिकत असते. एकट्या घरात वाढणाऱ्या मुलाला हा धडा कोण शिकविणार?

ज्या वयात ही ओढाओढ असते, त्याच वयात माया फुटते. पडलेल्या सोबत्याला थोपटणे, आपले फडके त्याला नेऊन देणे, हे दुसऱ्या वर्षातच दिसू लागते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी दुसऱ्या वर्षातील एका मुलाची हकीकत नोंदविली आहे. सोबती रडू लागला तेव्हा हा मुलगा स्वतःच्या आईला हाताला धरून त्याच्याकडे घेऊन आला. वास्तविक त्या रडणाऱ्या मुलाची आई तेथेच होती. आपल्याला ज्याने बरे वाटते तेच दुसऱ्याला नेऊन द्यावे, एवढीच त्याची समज होती. समज अपुरी होती. माया मात्र पुरती होती. २००६ मध्ये वार्नेकेन आणि टोमासेल्लो यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अठरा महिन्यांची मुले अनोळखी मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कोणी न सांगता, उचलून देताना आढळली. सहकार्य आपण मुलांना बाहेरून शिकवितो, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सहा मुलांची गोष्ट

लहानग्यांमधील हा संबंध किती खोल असू शकतो, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचे आहे. ते दुःखद आहे, आणि कोणाही मुलावर तशी वेळ येऊ नये. परंतु त्याने जगाला जे शिकविले, ते येथे सांगितलेच पाहिजे.

तेरेझीन येथील नाझी छळछावणीत आईबापांवेगळ्या झालेल्या मुलांसाठी एक कक्ष होता. तेथे सहा ज्यू मुले वर्षाची होण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच येऊन पोहोचली होती. त्यांचे आईबाप मारले गेले होते. सांभाळणारी माणसेही स्वतः बंदिवान आणि अर्धपोटी होती, आणि ती सतत बदलत. मुलांच्या वाट्याला एकच गोष्ट कायमची आली, ती म्हणजे एकमेकांची सोबत. १९४५ मध्ये छावणी मुक्त झाल्यावर त्यांना इंग्लंडमध्ये नेण्यात आले. ससेक्समधील ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात सुमारे वर्षभर त्यांचा सांभाळ झाला. तेव्हा ती तीन-साडेतीन वर्षांची होती. ॲना फ्रॉइड आणि प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या सोफी डान यांनी १९५१ मध्ये त्यांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली.

सुरुवातीला या मुलांनी खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली आणि मोठ्या माणसांना मारले, चावले. परंतु आपसांत त्यांचे वागणे अगदी निराळे होते. एकाला थोडा वेळ जरी दूर ठेवले, तरी तो इतरांची आणि इतर त्याची चौकशी करीत राहत. आपला घास खाण्यापेक्षा शेजाऱ्याला खाऊ देणे त्यांना महत्त्वाचे वाटे. त्या वयाच्या भावंडांत सर्रास आढळणारा मत्सर त्यांच्यात जवळजवळ नव्हता. ही मुले मतिमंद वा गुन्हेगारी वृत्तीची झाली नव्हती, असा निष्कर्ष नोंद करणाऱ्यांनी काढला. ती अतिशय हळवी होती, चंचल होती, त्यांना सांभाळणे कठीण होते. तरीही त्या भयंकर काळात त्यांनी एकमेकांचा आधार घेऊन आपले माणूसपण राखले होते. पुढे हळूहळू ती मोठ्यांवरही माया करू लागली आणि नवी भाषाही शिकली.

या गोष्टीवरून कोणी असा अर्थ काढू नये की, सोबती असले म्हणजे आईबाप नसले तरी चालते. जॉन बोल्बी यांनी त्याच वर्षी, म्हणजे १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बालकाला एका स्थिर, प्रेमळ माणसाची किती निकड असते ते दाखवून दिले, आणि ते आजही खरे आहे. या सहा मुलांना जो त्रास पुढेही जाणवत राहिला, त्याचे कारण ते स्थिर माणूस त्यांना मिळाले नव्हते, हेच होते. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, बाळाचे आईशी असलेले नाते आणि समवयस्काशी असलेले नाते ही दोन वेगळी नाती आहेत. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. आई हा घराचा उंबरठा मानला, तर सवंगडी हे त्यापुढचे अंगण होय.

बोर्डी ते कोसबाड

‘अंगण’ हा शब्द मी सहज वापरला नाही. आज देशभर रूढ असलेल्या ‘अंगणवाडी’ या नावाचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी बांधून ठेवली तरी गरीब वस्तीतील मुले तेथवर येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी झाली. १९५७ पासून हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, आणि कुरणशाळा जन्मास आली.

कोसबाडच्या कामातील एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. आईबाप कामावर गेले की घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते. ती शाळेत येणार कशी? आली तर ते भावंड घेऊनच येणार. यावर ताराबाई आणि अनुताई यांनी काढलेला मार्ग असा की, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावी. त्या योजनेला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटले. या एका व्यवस्थेने तीन गोष्टी साधतात. मोठी बहीण वर्गात बसते. मधले मूल बालवाडीत रमते. आणि सर्वांत धाकट्याला, बहिणीच्या कडेवर एकट्याने दिवस कंठण्याऐवजी, आपल्या वयाची मुले भेटतात. तिसऱ्या लाभाची गणना आपण क्वचितच करतो.

आज कोठे उणे पडते?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज ती खेडोपाडी पोहोचली आहे. तिने अपार काम केले आहे. परंतु आपण प्रामाणिकपणे पाहिले, तर तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत रोज येतात, बसतात, खेळतात. तीन वर्षांखालील मूल मात्र तेथे वजनासाठी येते, लसीसाठी येते आणि घरी नेण्याच्या आहाराची पाकिटे आईच्या हाती पडली की परत जाते. वजनकाट्यापुढे दहा बाळे एका रांगेत असतात. पण ती रांग असते, मेळा नसतो. केंद्र शासनाने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा जाहीर केला आणि या वयाच्या खेळाकडे व संवादाकडे लक्ष वेधले. ही दिशा योग्य आहे. तिची अंमलबजावणी मात्र शेवटी वस्तीवरच होणार आहे.

दुसरीकडे घरे बदलली आहेत. एकत्र कुटुंबात चुलत, आते, मामे भावंडांत बरोबरीचे कोणी ना कोणी असे. आज एक-दोन मुलांच्या घरात बाळाला मोठी माणसे पुष्कळ असतात, बरोबरीचे मात्र कोणी नसते. रडू लागले की त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. वर्षाखालील मुलांसाठी पडदा मुळीच नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. पडद्यावरील मूल हसते. पण आपण हसलो म्हणून हसत नाही. हा भेद बाळाला कळतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे अंगणवाड्या बंद झाल्या आणि लहानग्यांचे भेटणे थांबले. त्या काळात जन्मलेल्या बाळांचा आयर्लंडमध्ये अभ्यास झाला. वर्षाच्या वाढदिवसापर्यंत सुमारे एक चतुर्थांश बाळांना आपल्या वयाचे एकही मूल भेटलेले नव्हते. साथीपूर्वीच्या बाळांशी तुलना करता, वर्षाच्या वयात बोटाने दाखविणे, हात हलवून निरोप घेणे आणि एखादा स्पष्ट शब्द उच्चारणे या गोष्टी करणाऱ्या बाळांचे प्रमाण कमी आढळले. रांगण्याचे प्रमाण मात्र थोडे अधिकच होते. याचा सारा दोष समवयस्कांच्या अभावावर टाकता येणार नाही, कारण तेव्हा पाहुणे येणे आणि बाहेर जाणे, दोन्ही थांबले होते. तरीही शरीर घरात वाढते, पण संवाद माणसांत वाढतो, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

सर्वांत बिकट स्थिती कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांची आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या हंगामात जोडपी निघतात, त्यांच्याबरोबर तान्ही मुलेही निघतात. पहाटे आईबाप फडावर गेले की बाळ कोपीत किंवा बांधावर झोळीत, आणि त्याच्यापाशी शाळा सोडून आलेली बहीण. एका बाळासाठी एका मुलीचे वर्ष जाते. शेजारच्या कोपीतही तेच चित्र असते. म्हणजे दहा कोप्यांत दहा बाळे एकेकटी असतात आणि दहा मुली शाळेबाहेर असतात.

गावाला करता येण्यासारखे

आता कोणी म्हणेल, निधी कोठून आणावयाचा? मी सांगणार आहे त्यातील पहिल्या गोष्टीला जवळजवळ काहीच लागत नाही.

अंगणवाडीत आठवड्यातील एक-दोन ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, तीन वर्षांखालील मुले आणि त्यांच्या माता वा आज्या यांना तासभर बसू द्यावे. वार बदलू नये आणि मुलेही शक्यतो तीच असावीत. कॅरोली हाउझ यांनी १९८० च्या दशकात लहानग्यांच्या मैत्रीचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, दीड-दोन वर्षांची मुलेसुद्धा ठरावीक सोबती निवडतात व तो संबंध टिकवितात, आणि ज्यांची सोबत मोडत नाही ती मुले खेळात अधिक कुशल होतात. म्हणून पन्नास मुलांच्या एका मोठ्या मेळाव्यापेक्षा सहा-सात मुलांची नेमाने होणारी भेट अधिक मोलाची. वस्ती दूर असेल, तर त्या वस्तीच्या अंगणातच बसावे.

या तासात शिकविण्यासारखे काही नाही. एक स्वच्छ सतरंजी, वाट्या, डबे, लाकडी चमचे, कापडाचे चेंडू आणि फडकी पुरेत. मात्र एकेका वस्तूचे अनेक नग असावेत. भांडण त्याने संपणार नाही, हे आपण पाहिले. पण दोघांनी एकाच वेळी वाटी वाजविण्याचा आनंद त्यामुळेच मिळेल. चिंचोके, मणी, शेंगदाणे अशा घशात अडकणाऱ्या वस्तू जवळपास ठेवू नयेत. बोरन्हाणाच्या बोरांनाही हाच नियम लावावा. ताप, खोकला वा जुलाब असलेले मूल त्या दिवशी घरी राहील, हे आधीच ठरवून घ्यावे.

मोठ्यांनी जमिनीवर बसावे, कारण माणूस खाली बसले की मूल निर्धास्तपणे दूर जाते. ओरबाडणारा हात हळूच धरावा, पण मुलाला ‘वाईट’ म्हणू नये. वर्षाच्या मुलाला “दे, वाटून घे” असे दटावून वाटणी शिकत नाही. त्याने आपण होऊन दिले, तेव्हा ते आपल्या लक्षात आले असे त्याला दिसले की शिकते. मुलांची नावे घेऊन बोलावे. एखादे मूल आले नाही, तर “आज आपली अमुक आली नाही” असे इतरांना सांगावे. सोबत्याच्या नसण्याची जाणीव हीही मैत्रीचीच पायरी आहे. जे मूल नुसते पाहत बसते, त्याला ओढून मध्ये आणू नये. पाहणे हे त्याचे काम चालू असते. मात्र महिनोन् महिने जे मूल कोणाकडे पाहत नाही, हाक मारल्यास वळत नाही, त्याच्याकडे आरोग्य तपासणीत अवश्य लक्ष द्यावे. असे मूल चटईवर चार मुलांत जितके लवकर नजरेस येते, तितके आईच्या मांडीवर एकटे असताना येत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या जागेची. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीतील बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, आणि काम जेथे जाईल तेथे पाळणाघर जाऊ शकते, हे सिद्ध झाले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांतील एका स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि त्याची मजुरीही द्यावी. किती कामांवर असे घडले, हे आपापल्या मनाला विचारावे. योजनेचे नाव काहीही असो, जेथे ग्रामपंचायत काम काढते तेथे सावली, पाणी आणि मुलांसाठी नेमलेली एक बाई ही त्या कामाचाच भाग मानली पाहिजे.

ऊसतोडीच्या बाबतीत एक सोय निसर्गतःच आहे. टोळी बहुधा एकाच गावची किंवा परिसरातील असते. म्हणजे बाळ गाव सोडते, पण त्याचे सवंगडी त्याच्याबरोबरच निघालेले असतात. त्या बाळांना एकत्र बसविणारे, ओळखीचे, मोबदला मिळणारे एक माणूस टोळीबरोबर गेले, तर सोबत मोडत नाही आणि त्या दहा मुलींपैकी निदान काहींची शाळा वाचते. टोळी निघण्यापूर्वी ग्रामसभेत ही मागणी मुकादमापुढे आणि कारखान्यापुढे ठेवता येईल. टोळी ज्या गावी पोहोचते, त्या गावच्या अंगणवाडीनेही या पाहुण्या बाळांसाठी आपली सतरंजी पसरावी.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. पटावरील जी मुलगी वरचेवर गैरहजर असते, तिच्या नावापुढे नुसती फुली मारू नका. तिच्या कडेवर कोण आहे, ते पाहा. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात असेल, तर कोसबाडची विकासवाडी उभी करण्यासाठी तुम्हाला एक दार तेवढे उघडावयाचे आहे.

मंडळी, गावाचा विकास आपण रस्ते, विहिरी आणि इमारती यांवरून मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण एकमेकांशी बोलणे, पाळी सांभाळणे, दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे आणि भांडणानंतर पुन्हा एकत्र बसणे, हे ज्या ग्रामसभेला साधते तीच रस्ता नीट करून घेते. हे गुण आपण मतदानाचा हक्क मिळाल्यावर शिकत नाही. त्यांचा पहिला धडा एका चटईवर, दोन वाट्या आपटताना मिळतो. तो धडा चुकला तर पुढे सुधारता येतच नाही, असे मी म्हणणार नाही. बुलडॉग्ज बँकच्या मुलांनी तसे म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही. पण जो धडा सहज, हसतखेळत मिळू शकतो, तो आपल्या दुर्लक्षामुळे चुकावा, हे बरे नव्हे.

येथून परत गेल्यावर आपल्या गावात तीन वर्षांखालील मुले किती, याची संख्या आपण नोंदवहीत पाहालच. माझी विनंती एवढीच की, त्या प्रत्येक नावापुढे एक प्रश्न मनात लिहून ठेवा: हे बाळ या आठवड्यात आपल्या वयाच्या कोणाला भेटले काय? उत्तर नकारार्थी असेल, तर सतरंजी अंगणवाडीत आहेच. ती पसरण्याचा वार तेवढा आपणास ठरवावयाचा आहे.